जिना चढण्याची वर्षे

फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत जी सिंधी कुटुंबे उतरली, त्यांच्या वस्तीला १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळाले. तेव्हा आईच्या कडेवर आलेली मुले आज पंचाहत्तरी ओलांडून गेली आहेत. कॅम्पातल्या कुठल्याही दवाखान्यात ती भेटतात, आणि बहुतेकांकडे एकाच वेळी साखर, प्रेशर, गुडघे आणि दम असे सगळेच असते. दुखण्यागणिक वेगळा डॉक्टर, वेगळी गोळी.

तळाशी मात्र कारण एकच, वय. कर्करोग, हृदयविकार, स्मृतिभ्रंश या तिन्हींचा धोका वयाबरोबर झपाट्याने वाढतो. त्यामुळे उद्या कर्करोग समूळ नाहीसा झाला, तरी सरासरी आयुष्यात दोन-चार वर्षांचीच भर पडेल. पुढचा आजार दारातच उभा असतो. म्हातारपण येण्याचा वेगच कमी करता आला, तर सगळे आजार एकदम लांबणीवर पडतील. मला वार्धक्यावरच्या संशोधनाचे मोल वाटते ते यासाठी.

वेग कमी होतो का? उंदरांत तरी होतो. १९६४-६५ मध्ये ईस्टर बेटावरून आणलेल्या मातीतल्या जिवाणूत रापामायसिन सापडले. माँट्रियलमध्ये त्यावर काम केले सुरेंद्रनाथ सेहगल यांनी. त्यांचा जन्म आजच्या पाकिस्तानातला. बदललेले मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून अमेरिकेत १९९९ साली या औषधाला मान्यता मिळाली. २००९ साली ते ६०० दिवसांच्या, म्हणजे माणसाच्या साठीतल्या, उंदरांच्या खाण्यात मिसळले. नव्वद टक्के उंदीर मरेपर्यंतचा काळ माद्यांत १४ आणि नरांत ९ टक्क्यांनी लांबला. उतारवयात सुरू करूनही!

हे घडते कसे? अंबरनाथ एमआयडीसीतल्या कोणालाही विचारा: ऑर्डर येत असतात तोवर मशीन उघडून साफ करायला सवड नसते, त्यासाठी शटडाऊन घ्यावा लागतो. पेशीत एमटॉर नावाचे प्रथिन आहे. अन्न भरपूर असले की ते ‘माल काढा’ असा हुकूम सोडत राहते. रापामायसिन त्याला गप्प करते, मग पेशी स्वतःतला मोडका माल मोडीत काढून पुन्हा वापरायला घेते. ही साफसफाई कशी चालते ते उलगडल्याबद्दल योशिनोरी ओसुमी यांना २०१६चे नोबेल मिळाले.

पण याच औषधाने प्रतिकारशक्ती दबते, तोंड येते, कोलेस्टेरॉल वाढते. माणसाचे म्हातारपण त्याने लांबणीवर पडते हे अजून सिद्ध झालेले नाही; मनाने ते कोणीही घेऊ नये.

माणसांत हे तपासायचे तर कोण कधी मरतो याची वाट पाहणे परवडत नाही. म्हणून हाताची पकड, चालण्याचा वेग, श्वास मोजतात. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभरातले पंचेचाळिशीपुढचे लोक आणि त्यांचे जोडीदार अशा मिळून ७२ हजारांहून अधिक जणांची पाहणी केली, तीत हे सारे मोजले. त्याच माणसांकडे काही वर्षांनी पुन्हा जायचे, अशी तिची आखणी आहे. कारण तोच हात पुन्हा मोजला, तरच पकड किती वेगाने सैलावली ते कळते.