चार बोटं प्ले

सकाळी आठ. वाडीतल्या गॅरेजचं शटर उघडतोय तोच काटोलकडचे काका पिकअप घेऊन हजर. महिंद्राची जुनी जीप, मागे संत्र्याच्या क्रेटसाठी हौदा बांधलेला. हौद्यात भंगारातून आणलेला आख्खा स्टेअरिंग कॉलम. "भाऊ, हा बसवून दे. गाडी रोडभर भटकून राह्यली."

साडेआठ. पोराला स्टेअरिंग हळूहळू हलवायला सांगून मी खाली सरकलो. चार बोटं फिरलं तरी चाक ढिम्म. स्टेअरिंगच्या पेटीतून निघणारा पिटमन आर्म मात्र बोटभरातच हलायचा. म्हणजे तीन बोटं प्ले पेटीच्या पुढे.

दहा. या जुन्या जीपमध्ये ड्रॅगलिंक थेट चाकाला जात नाही. पुढच्या आडव्या पट्टीवर बेलक्रँक बसतो, तिथून दोन टाय रॉड निघतात. बेलक्रँक हातानं हलवला, तर तो पडायला आलेल्या दातासारखा डुलला. आतल्या बेअरिंगचा भुगा झालेला. ड्रॅगलिंकच्या टोकाची स्प्रिंगही तुटलेली. किंगपिन ठीक.

साडेअकरा. आता उरलेलं बोट. पेटीत कुणीतरी ग्रीस ठासलेलं. ग्रीस एकदा बाजूला सरलं की परत येत नाही. इथं तेलच हवं. ड्रॅगलिंक सोडवून, स्टेअरिंग बरोबर मध्यावर आणून मगच पेटीवरचा स्क्रू आवळला. कॅमची खाच मध्यावर मुद्दाम उथळ असते. दुसरीकडे कुठं आवळलं, तर मध्यावर येताच स्टेअरिंग जाम. बरेच मेकॅनिक नेमका हाच स्क्रू आधी पिळतात, कारण तो हाताशी असतो.

दुपारी दोन. एप्रिलचं ऊन. पोरगा बेअरिंग शोधायला गेला, काकांनी डबा सोडला.

चार. बेलक्रँक बसला. पण स्टेअरिंग डावीकडे वळवलं की हॉर्न वाजायचा. कॉलमच्या नळीतून जाणाऱ्या वायरीचं आवरण घासून तांबं उघडं पडलेलं, ते नळीला टेकायचं. कॉलमचा दोष एवढाच. वायर बदलली, वरचा बुशही.

साडेपाच. दोरी ताणून पुढची चाकं जुळवली. मागच्या कडांपेक्षा पुढच्या कडांमधलं अंतर दोनेक मिलिमीटर कमी.

सहा. अमरावती रोडवर चक्कर. काकांनी एका हातानं चालवून बघितली, काही बोलले नाहीत. परतल्यावर हौद्यातल्या कॉलमकडे बघत म्हणाले, "हा तू घेतं का?"

"नको काका."

त्यांनी तो सुतळीनं पुन्हा नीट बांधला.