सायकलची सीट आणि बायकांचं दुखणं : गैरसमज आणि वस्तुस्थिती

महाराष्ट्रात लांब पल्ल्याची सायकल चालवणाऱ्या बायका आता नवलाच्या राहिलेल्या नाहीत. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ६०० किलोमीटर ४० तासांत अशा मुदतीच्या, बीआरएम नावाच्या राइड पूर्ण करणाऱ्यांत विद्यार्थिनी आहेत, गृहिणी आहेत, डॉक्टर आणि शिक्षिकाही आहेत. पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, १५९ दिवसांत सुमारे २९ हजार किलोमीटर सायकल चालवून पृथ्वीप्रदक्षिणा करून आली.

टायर, गिअर, घाटातला चढ यांवर सायकलच्या ग्रुपमध्ये भरभरून बोलणं होतं. सीटवर नेमकं कुठे दुखतं, हे मात्र एखाद्या जवळच्या मैत्रिणीपाशीच आणि तेही हळू आवाजात सांगितलं जातं. बोलणं होत नाही म्हणून चुकीचे सल्ले वर्षानुवर्षं टिकून राहतात. कितीतरी जणी ७०-८० किलोमीटरपुढे जाणंच सोडून देतात आणि आपल्यातच दम नाही अशी स्वतःची समजूत करून घेतात. खरं तर त्यांच्या पायांत दम असतो, फक्त बैठक चुकलेली असते. म्हणून हे गैरसमज एकेक करून मोकळेपणाने तपासायला हवेत.

गैरसमज १ : सुरुवातीला सगळ्यांनाच दुखतं, सवय झाली की थांबतं.

वस्तुस्थिती : दुखण्याचे तीन प्रकार आहेत आणि सवयीने त्यांतला एकच जातो.

सपाट, कडक स्टुलावर बसलं की नितंबांखाली दोन टणक उंचवटे टोचतात. ती बैठकीची हाडं. सायकलवर शरीराचा भार पेलायचं काम त्यांचं आहे. नव्याने सायकल सुरू करणारीला, किंवा पावसाळाभर सायकल बंद ठेवून पुन्हा चालवणारीला, या हाडांवर ठणका लागतो. थोडं थोडं अंतर वाढवत नेमाने चालवलं, तर दोन-तीन आठवड्यांत तो ओसरतो.

दुसरं दुखणं कातडीचं. जांघेत आणि मांडीच्या आतल्या बाजूला कातडी सोलवटते, केसांच्या मुळाशी फोड येतात. घाम, ओल आणि घासणं एकत्र आलं की हे होतं. सोसत राहिलं तर ते चिघळतं.

तिसरं सर्वांत महत्त्वाचं. पुढच्या नाजूक भागावर दाब येऊन मुंग्या येणं, बधिरपणा किंवा सूज. याचा अर्थ तिथल्या नसा आणि रक्तवाहिन्या दबत आहेत. याची सवय होत नाही आणि करूही नये. ब्रिटनची पॅरासायकलपटू हॅना डाइन्स हिने २०१९ मध्ये जाहीरपणे लिहिलं, की वर्षानुवर्षं सीटच्या दाबाने आलेली सूज अखेर तिला शस्त्रक्रिया करून काढावी लागली. बधिरपणा जाणवला की लगेच पेडलवर उभं राहा, आणि पुढच्या राइडआधी सीटमध्ये किंवा तिच्या मांडणीत बदल करा.

गैरसमज २ : सीट जितकी मऊ, तितकी आरामाची.

वस्तुस्थिती : दुकानात पाच मिनिटं बसून बघताना मऊ सीट छानच वाटते. अर्ध्या तासाच्या भाजी-बाजाराच्या फेरीलाही ती चालते. पण चार-पाच तासांच्या राइडमध्ये बैठकीची हाडं त्या मऊ थरात रुतत जातात आणि मधला फोम किंवा जेल वर फुगून नेमका नाजूक भागाला दाबतो. ज्या भागावर भार यायला नको, तिथेच तो येतो. शिवाय मऊ पृष्ठभाग अंगाला जास्त चिकटून बसतो, म्हणून घासणं आणि घाम दोन्ही वाढतात. सीटवर चढवायची जेलची कव्हरं हमखास विकली जातात, पण ती पेडल मारताना सरकतात आणि दुखणं वाढवतात. लांबच्या राइडला हाडांखाली घट्ट आधार देणारी, बेताच्या पॅडिंगची सीट जास्त सुखाची ठरते.

गैरसमज ३ : बायकांची हाडं रुंद असतात, म्हणून ‘लेडीज’ लिहिलेली रुंद सीट घेतली की काम झालं.

वस्तुस्थिती : बैठकीच्या दोन हाडांमधलं अंतर बायकांमध्ये सरासरीने जास्त असतं, हे खरं. पण सरासरीवरून एकटीचं माप कळत नाही. काही पुरुषांचं अंतर बहुतेक बायकांपेक्षा जास्त असतं, तर काही बायकांचं बऱ्याच पुरुषांपेक्षा कमी. कमरेचा घेर, वजन किंवा कपड्यांचा साइज यांवरूनही ते ओळखता येत नाही. ते मोजावंच लागतं.

मोजणं घरच्या घरी जमतं. खोक्याचा पन्हाळीचा पुठ्ठा घ्या आणि कडक, सपाट स्टुलावर ठेवा. पातळ कपडे घालून त्यावर बसा. टाचा उचला, थोडं पुढे वाका आणि दोन्ही हातांनी स्टुलाची कड धरून स्वतःला खाली ओढा. अर्ध्या मिनिटाने उठा. पुठ्ठा उजेडात तिरका धरला की दोन खळगे दिसतात. दिसले नाहीत तर पेन्सिल आडवी धरून वरून हलकेच घासा. दबलेली जागा उमटते. एका खळग्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा. दोन-तीनदा करून माप पक्कं करा.

या मापात साधारण २० ते ३० मिलिमीटर मिळवले, की सीटच्या रुंदीचा अंदाज येतो. म्हणजे माप १२५ आलं, तर १४५ ते १५५ मिलिमीटरची सीट आधी बघावी. चांगल्या कंपन्या एकच सीट दोन-तीन रुंदींत काढतात. स्पेशलाइज्ड कंपनीच्या सीट १४३, १५५ आणि १६८ मिलिमीटरमध्ये मिळतात, हे त्याचंच उदाहरण.

आता बैठकीचा प्रश्न. ताठ बसून चालवायच्या सायकलवर भार थेट हाडांच्या मागच्या, रुंद भागावर येतो, म्हणून तिथे रुंद, स्प्रिंगची सीट योग्यच असते. रोड बाइकवर पुढे वाकलं की कंबर पुढे झुकते आणि भार हाडांच्या पुढच्या, निमुळत्या होत गेलेल्या भागावर सरकतो. तिथे तीच रुंद सीट प्रत्येक पेडलला मांडीला घासते. म्हणून एकाच बाईला दोन सायकलींवर दोन वेगळ्या सीट लागू शकतात.

गैरसमज ४ : मध्ये फट असलेली सीट प्रत्येकीला सोसते.

वस्तुस्थिती : अमेरिकेत जॉर्जिना टेरी या इंजिनिअर बाईने १९८५ मध्ये बायकांसाठी सायकली बनवणारी कंपनी काढली. पुढे १९९० च्या दशकात तिच्या कंपनीने मध्ये फट असलेली सीट बाजारात आणली. त्या फटीने अनेकींना मोठा दिलासा मिळाला आणि आज बहुतेक कंपन्या तशी सीट बनवतात.

तरीही ती रामबाण नाही. भार फटीच्या दोन कडांवर येतो. बाह्य जननेंद्रियांची ठेवण प्रत्येकीची वेगळी असते आणि दोन बाजू सारख्या नसणं अगदी नैसर्गिक आहे. काहींना फटीची कडच रुतते, तर काहींचा नाजूक भाग फटीत दाबला जाऊन सुजतो. अशांना पूर्ण फटीऐवजी उथळ खाच असलेली किंवा आखूड नाकाची सीट बरी पडते. आपलं शरीर काय सांगतं, ते महत्त्वाचं.

गैरसमज ५ : दुखतंय म्हणजे सीटच वाईट. महागातली घेतली की प्रश्न सुटेल.

वस्तुस्थिती : पैसे खर्च करण्याआधी मांडणी तपासा. योग्य सीटही चुकीच्या जागी बसवली तर छळते.

पहिली उंची. सीट फार उंच असेल तर पेडल खाली जाताना कंबर डावी-उजवीकडे डोलते आणि कातडी सोलते. टाच पेडलवर ठेवून पेडल अगदी खाली नेल्यावर गुडघा जेमतेम सरळ व्हावा, ही सुरुवातीची साधी खूण.

दुसरा कल. आधी सीट पाणसळीत ठेवा. नाजूक भागावर दाब येत असेल तर नाक एक-दोन अंश खाली करा. जास्त झुकवलं तर शरीर पुढे घसरतं आणि सगळा भार हातांवर येतो. स्पर्धात्मक सायकलिंगमध्ये बैठक फारच पुढे वाकलेली असते, त्यामुळे तिथे अधिक कल लागतो. ब्रिटनच्या महिला संघातल्या खेळाडूंच्या तक्रारी लक्षात घेऊन तिथल्या महासंघाने तज्ज्ञांना एकत्र बसवलं, आणि २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने सीटचं नाक ९ अंशांपर्यंत झुकवायला परवानगी दिली. बायका बोलल्या, म्हणून जागतिक नियम बदलला.

तिसरं हँडल. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये स्पर्धात्मक सायकलिंग करणाऱ्या बायकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हँडल सीटपेक्षा खाली असेल तर पुढच्या नाजूक भागावरचा दाब वाढतो आणि तिथली संवेदना कमी होते, असं त्यात आढळलं. हँडल थोडं वर किंवा जवळ घेतलं, तर कित्येकदा सीट बदलावीच लागत नाही.

एका वेळी एकच बदल करा, तोही दोन-चार मिलिमीटरचा, आणि मूळ जागेवर टेपने खूण ठेवा. म्हणजे कशाने फरक पडला ते कळतं.

गैरसमज ६ : कातडी सीट दगडासारखी, बायकांसाठी नाहीच.

वस्तुस्थिती : इंग्लंडच्या ब्रूक्स कंपनीची बी-१७ ही सीट शंभराहून अधिक वर्षं चालत आली आहे, आणि लांब पल्ल्याच्या सायकलपटूंमध्ये, बायकांमध्येही, तिला मान आहे. ताणलेलं कातडं वापराने बसणारीच्या हाडांचा आकार घेतं, पण त्याला काहीशे किलोमीटर जावे लागतात. बायकांसाठी तिची आखूड आवृत्तीही निघाली. मात्र कोकणातल्या पावसात कातडं भिजू देऊ नका. कव्हर आणि मेण सोबत हवंच. प्लास्टिकच्या तळाची सीट अशी ‘मुरत’ नाही, म्हणून ती पहिल्या काही राइडमध्येच पटली नाही तर तिच्यावर आशा लावून बसू नका.

गैरसमज ७ : पॅडच्या शॉर्ट्सच्या आत अंतर्वस्त्र घालायलाच हवं.

वस्तुस्थिती : घालू नये. पॅड थेट कातडीला लागावं अशीच त्याची रचना असते. आतल्या कपड्याची शिवण आणि इलॅस्टिक ठरावीक जागी घासतं, सुती कापड घाम धरून ठेवतं. संकोच वाटत असेल तर शॉर्ट्सवरून सैल पँट किंवा कुर्ता घाला. घासणं कमी करायला सायकलिंगचं क्रीम वापरा. पेट्रोलियम जेली पॅडमधून सहजी धुऊन निघत नाही.

राइड संपली की चहाआधी शॉर्ट्स बदला. ती दर वेळी धुवा आणि बाथरूमच्या कोपऱ्यात टॉवेलाखाली लपवण्याऐवजी उन्हात वाळत घाला. ब्रिटिश संघाला तज्ज्ञांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. नाजूक भागाचं वॅक्सिंग किंवा शेव्हिंग टाळा, कारण तिथले केस घर्षणापासून कातडीचं रक्षण करतात. पाळीच्या दिवसांत सॅनिटरी पॅडच्या कडा घासतात. सवय असेल तर मेन्स्ट्रुअल कप लांबच्या राइडला जास्त सोयीचा.

गैरसमज ८ : जास्त सायकल चालवली की बाईच्या आतल्या अवयवांना इजा होते, मूल होत नाही.

वस्तुस्थिती : गर्भाशय आणि बीजकोश ओटीपोटात सुरक्षित असतात. सीटचा दाब त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. ‘कौमार्या’च्या नावाने मुलींची सायकल बंद करणाऱ्या घरांनीही हे जाणून घ्यावं, की योनिपटलावरून काहीही सिद्ध होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये कौमार्य चाचणीला वैद्यकीय आधार नाही असं स्पष्ट सांगून ती बंद करण्याचं आवाहन केलं.

कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये अनेक देशांतल्या तीन हजारांहून अधिक बायकांची पाहणी प्रसिद्ध केली. धावणाऱ्या आणि पोहणाऱ्या बायकांशी तुलना करता सायकल चालवणाऱ्यांचं लैंगिक आरोग्य किंवा लघवीवरचं नियंत्रण वाईट आढळलं नाही. मात्र मूत्रमार्गाचा संसर्ग, बधिरपणा आणि सीटच्या जखमा त्यांच्यात जास्त होत्या. म्हणजे भीती चुकीच्या गोष्टींची बाळगली जाते आणि ज्यांवर उपाय आहे त्यांकडे दुर्लक्ष होतं. हमरस्त्यावर स्वच्छतागृह मिळेल की नाही या धास्तीने अनेक जणी पाणीच कमी पितात. तसं करू नका. थांबे आधी ठरवा, पाणी प्या, लघवी अडवून ठेवू नका.

मग सीट निवडायची कशी?

माप घ्या, सायकलवरची बैठक लक्षात घ्या, आणि आपलं दुखणं तीनांतलं कोणतं ते ओळखा. दुकानदाराला हाडाचं माप सांगून सीट मागा आणि चालवून बघायला मिळेल का ते विचारा. ग्रुपमधल्या मैत्रिणींनी एकमेकींच्या पडून असलेल्या सीट आठवडाभर वापरून पाहिल्या, तर सगळ्यांचेच पैसे वाचतील. दीड-दोन तासांची राइड केल्याशिवाय निर्णय घेऊ नका. सीट कितीही चांगली मिळाली, तरी दर पंधरा-वीस मिनिटांनी काही क्षण पेडलवर उभं राहा. बाळंतपणानंतर किंवा पाळी जाताना पूर्वीची सीट खटकू लागली, तर नव्याने माप आणि मांडणी बघा.

बधिरपणा राइडनंतरही टिकला, गाठ आली, सूज दुसऱ्या दिवशीही उतरली नाही, जखम चिघळली किंवा लघवीला जळजळ होऊ लागली, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा आणि आपण सायकल चालवतो हे स्पष्ट सांगा. आणि ग्रुपमध्ये नव्याने आलेली मुलगी दुखण्याबद्दल चाचरत विचारेल, तेव्हा ‘सवय होईल’ एवढ्यावर तिची बोळवण करू नका. कुठे दुखतं ते तिला विचारा. तिचं लांबचं सायकलिंग त्या प्रश्नापासूनच सुरू होईल.