सेकंदाला मिलिमीटरभर सावली

टीव्हीवर बातम्या लागल्या की 'जंतरमंतरवर आंदोलन' हे शब्द हमखास कानावर पडतात. आंदोलन चालतं रस्त्यावर. पण त्याच रस्त्याला लागून, कॅनॉट प्लेसजवळ, काही अजब लाल बांधकामं उभी आहेत. एक जिना तर वर वर चढत जातो आणि कुठेच पोचत नाही! हे खरं जंतरमंतर. आमेरच्या सवाई जयसिंहानं 1724 च्या सुमारास ते बांधून घेतलं. कशासाठी? आकाश मोजण्यासाठी.

हा जयसिंह आपल्याला अगदीच परका नाही बरं का. पुरंदरचा तह आठवतो ना? त्यातल्या मिर्झाराजे जयसिंहांचा हा खापरपणतू. जन्म 1688 चा, आणि अकराव्या वर्षी गादीवर! 1702 मध्ये, जेमतेम तेरा वर्षांचा असताना, तो औरंगजेबाच्या फौजेबरोबर आपल्या विशाळगडाच्या वेढ्यात होता. अर्थात पलीकडच्या बाजूनं. लढाया काय, त्या काळचे सगळेच राजे करत. याला नाद होता तो ग्रहताऱ्यांचा.

सूर्य, चंद्र, ग्रह कधी कुठे दिसतील याची तयार कोष्टकं तेव्हाही होती. जयसिंह ती आकाशाशी ताडून बघायचा, आणि मेळच बसायचा नाही. मग त्यानं पितळी यंत्रं करून पाहिली. ती पडली लहान. त्यांचे आस झिजत, केंद्र सरकत, यंत्र हलत राही. म्हणून त्यानं ठरवलं, यंत्र दगडचुन्याचंच बांधायचं. हलायला नको, झिजायला नको, आणि आकारानं इमारतीएवढं.

इमारतीएवढं कशाला? तुमच्या कंपासपेटीतला कोनमापक काढा. त्यावर एक अंश म्हणजे जेमतेम मिलिमीटरभर जागा. त्यात अर्धा अंश कसा वाचणार, पाव अंश कसा? जंतरमंतरमधल्या सम्राट यंत्राच्या कमानीवर तोच एक अंश सुमारे 26 सेंटिमीटरचा आहे! तो न पोचणारा जिना या यंत्राचाच भाग. त्याची उंची सुमारे 21 मीटर. दोन्ही बाजूंना वर वळलेल्या कमानी आहेत, आणि जिन्याच्या भिंतीची सावली त्या कमानींवरून सरकते. सूर्य चार मिनिटांत एक अंश पुढे जातो. म्हणजे सावली मिनिटाला साडेसहा सेंटिमीटर, सेकंदाला मिलिमीटरभर. नीट बघत राहिलात तर ती डोळ्यांदेखत पळते.

भिंतीची तिरकी कड पृथ्वीच्या आसाला समांतर आहे, म्हणून ती ध्रुवताऱ्याकडे रोखलेली दिसते. तिचा चढ दिल्लीच्या अक्षांशाएवढा, साडेअठ्ठावीस अंशांहून किंचित जास्त. हेच यंत्र मुंबईत बांधायचं तर चढ 19 अंशांवर आणावा लागेल. दिल्लीचं यंत्र उचलून गिरगाव चौपाटीवर ठेवलं तर ते चुकीची वेळ सांगेल!

पण मोठं म्हणजे चांगलंच, असं मात्र नाही. सूर्य हा ठिपका नाही, अर्ध्या अंशाची चकती आहे. त्यामुळे सावलीची कड रेघेसारखी न पडता 13 सेंटिमीटरचा फिकट पट्टा पडतो. तब्बल दोन मिनिटांचा घोळ! मग कडेपाशी बारीक काडी किंवा दोरा धरून त्या पट्ट्याचा मध्य शोधावा लागतो. मला तर हे काम यंत्र बांधण्याइतकंच अवघड वाटतं.

जयसिंहाचे गुरू होते जगन्नाथ पंडित. ते महाराष्ट्रातले होते असं सांगतात. ग्रीकांची जुनी पुस्तकं अरबीत उतरली होती. ती वाचण्यासाठी पंडितजी अरबी शिकले आणि युक्लिडची भूमिती त्यांनी संस्कृतात आणली. तिचं नाव 'रेखागणित'. जयसिंहानं पोर्तुगालला माणसं पाठवून युरोपातली नवी कोष्टकंही मागवली. तपासून बघतो तर त्यांत चंद्राची जागा अर्ध्या अंशानं चुकलेली, म्हणजे चंद्राच्या स्वतःच्याच रुंदीएवढी!

दुर्बीण तोवर भारतात येऊन गेली होती. जेरेमी शेकर्ली नावाच्या हौशी इंग्रजानं 1651 मध्ये सुरतेहून, बुध सूर्याच्या बिंबावरून सरकताना पाहिला होता. जयसिंहाकडेही दुर्बिणी होत्या. शुक्राच्या कला, गुरूचे चार चंद्र हे सगळं त्याला माहीत होतं. तरी त्याचं गणित चालायचं पृथ्वी मध्यभागी धरूनच. कोपर्निकसनं सूर्य मध्यभागी बसवला त्याला तेव्हा पावणेदोनशे वर्षं होऊन गेली होती. दिल्लीतलं आपलं जुनं महाराष्ट्र सदन कोणत्या रस्त्यावर आहे, ठाऊक आहे? कोपर्निकस मार्गावर! जंतरमंतरपासून जवळच.

जंतरमंतरला गेलात तर हातात घड्याळ हवंच. सम्राट यंत्र त्याच्या सुमारे 21 मिनिटं मागे दिसेल, कारण आपलं घड्याळ 82.5 अंश रेखांशाची वेळ दाखवतं आणि दिल्ली आहे 77 अंशांच्या जरा पुढे. पाच अंशांहून थोडं जास्त अंतर, अंशाला चार मिनिटं. वर्षभरात या फरकात आणखी काही मिनिटांची चढउतार होते. ती कशामुळे, ते भूगोलाच्या बाईंना विचारा.