सोबत कोण?

बुटीबोरीत समुद्र नाही. आहे ती कापसाची काळी माती, एमआयडीसीतले कारखाने आणि नागपूर-वर्धा मार्गावरून धडधडत जाणाऱ्या गाड्या. त्यामुळे इथल्या एखाद्या घरातली मुलगी ‘मी एकटीच कोकणात जाते, गावातल्या कुटुंबात राहून कासवांचे काम करते’ असे म्हणाली, की स्वयंपाकघरात क्षणभर शांतता पसरते. मग आईचा प्रश्न येतो, ‘संगं कोण राहीन?’ कासवाचे काम म्हणजे काय, हे आजीला उमगत नाही ते वेगळेच.

खरे तर परक्या घरी राहून काम करण्याची गोष्ट आपल्या भागाला नवी नाही. याच रेल्वेमार्गाने पुढे गेले की सेवाग्राम लागते. 1925 साली घरदार सोडून इंग्लंडहून भारतात आलेल्या मीराबेन गांधीजींच्या आधी तिथे, म्हणजे त्या वेळच्या सेगावात, राहायला गेल्या. गांधीजी 1936 साली गेले. चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथला बाबा आमटे यांनी 1967 साली श्रमसंस्कार छावणी सुरू केली आणि गावोगावची मुले-मुली तिथे कुदळ-फावडे घेऊन घाम गाळू लागली.

समुद्राकाठी असे गाव म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातले, मंडणगड तालुक्यातले वेळास. नाना फडणवीसांचे हे मूळ गाव. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेच्या कार्यकर्त्यांना 2002 साली इथल्या किनाऱ्यावर समुद्री कासवांच्या अंड्यांची टरफले दिसली. घरटी उकरून अंडी नेली जात होती. संस्थेने गावकऱ्यांनाच राखणदार केले. पुढे कासव महोत्सव सुरू झाला, पाहुणे येऊ लागले. गावात लॉज नव्हते, तेव्हा घरांनीच दारे उघडली. अंड्यांपेक्षा पिल्ले पाहायला येणारी माणसे गावाला जास्त देऊन जातात, हा हिशेब घराघरांत पटला आणि संरक्षण टिकले.

काम तसे साधे, पण पहाटेचे. ऑलिव्ह रिडले जातीची मादी हिवाळ्यात रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि मागे वळून न पाहता निघून जाते. कासवमित्र ती अंडी कुंपणातल्या तितक्याच खोल खड्ड्यात हलवतात. पन्नासेक दिवसांनी पिल्ले वर येतात. सकाळ-संध्याकाळ टोपली उचलून पाहायचे आणि पिल्ले समुद्राच्या दिशेने सोडायची. वाळू तापली तर माद्या अधिक निपजतात, म्हणून वाढत्या उन्हाची काळजी तिथेही आहेच. अंड्यांना हात लावण्याचे काम जाणकारांचे. बाहेरून आलेल्याने किनारा साफ करावा, नोंदी लिहाव्यात, गर्दीला दोरीमागे ठेवावे, रात्री बॅटरी पाजळत फिरू नये.

खरी परीक्षा मात्र किनाऱ्यावर नसते, घरात असते. पडवीत अंथरूण, ताटात भात, आमटी, सोलकढी; झणझणीत रश्श्याची सवय असलेल्या जिभेला पहिले दोन दिवस जडच जातात. ‘सांबार’ मागावा तर कोथिंबिरीऐवजी डाळीचे सांबार समोर येण्याची शक्यता! हंगामात घरची बाई पहाटेपासून चुलीशी असते. तिथे ‘मी सेवेला आले आहे’ म्हणून बसून राहणारी माणसे ओझे होतात. ठरलेले पैसे चोख द्यावेत, आपले ताट आपण घासावे, पाणी जपून वापरावे. आपण चार दिवसांत निघून जाणार आणि राखण गावच करणार, हे ध्यानात ठेवले की सेवेचा ताठा आपोआप उतरतो.

आणि आईच्या प्रश्नाचे काय? तो चुकीचा नाही. मुंबईपर्यंत आठशे किलोमीटर रेल्वे, पुढे एस.टी.ने मंडणगड आणि मग वेळास, असा हा पल्ला आहे. तेव्हा जाण्याआधी त्या घरच्या बाईशी फोनवर आईने स्वतः बोलावे. घरात आणखी कोण राहते, खोलीला कडी आहे का, शेवटची गाडी किती वाजता पोचते, हे मोकळेपणी विचारावे. दोन आया एकमेकींशी बोलल्या, की निम्मा रस्ता तिथेच सरतो.

उरलेला निम्मा मुलीने चालायचा. पिल्लू वाळूवरून पाण्याकडे निघते तेव्हा त्याला उचलून पाण्यात ठेवत नाहीत. ते चालू देतात, पाहणारे बाजूला उभे राहतात आणि कावळे-कुत्र्यांवर नजर ठेवतात. घरच्यांनीही याहून वेगळे काय करायचे असते?