विजेच्या व्हॅनचे घर : आधी प्लग, मग गाडी

ब्रिटनमध्ये लेस्टरजवळ एका गोदामात नोकरी करणाऱ्या एका तरुणाचा निरोप त्याच्या चाचांनी आम्हास वाचून दाखविला. पगारातला मोठा हिस्सा एका खोलीच्या भाड्यात जातो, म्हणून जुनी विजेवर चालणारी मालवाहू व्हॅन घ्यावी, आत पलंग, चूल, दिवे बसवावेत आणि बारा महिने तिच्यातच राहावे, असे त्याच्या मनात आले आहे. चार वर्षांची शिल्लक त्यात जाणार. चाचा म्हणाले, "तुमच्याकडे कारागिरांचे येणे-जाणे आहे. पोराला हो म्हणू की नको, ते तुम्ही सांगा."

हा प्रश्न एका घरापुरता नाही. कोकणातील अनेक कुटुंबांची माणसे ब्रिटनमध्ये आहेत आणि आमच्या वाचकांत गॅरेजवाले, सुतार, वायरमन यांची संख्या मोठी आहे. हे काम काय आहे, त्यात पैसा कोठे मुरतो आणि फसगत कोठे होते, हे समजून घेणे दोघांच्याही उपयोगाचे आहे.

या तरुणाची नजर आहे निसानच्या ई-एनव्ही २०० या गाडीवर. ही व्हॅन २०१४ साली युरोपच्या बाजारात आली. स्पेनमधील बार्सिलोनाच्या कारखान्यात ती तयार होत असे. सुरुवातीस बॅटरी २४ किलोवॉट-तासांची होती, २०१८ पासून ४० ची आली आणि २०२१ मध्ये उत्पादन थांबले. म्हणजे आता मिळेल ती जुनीच. किलोवॉट-तास या शब्दाने घाबरून जाण्याचे कारण नाही; आपल्या वीजबिलावर ज्याला एक युनिट म्हणतात तेच ते. ४० युनिटांची गाडी प्रमाणित चाचणीत सुमारे २०० किलोमीटर जाते. ढोबळ हिशेबाला एका युनिटात पाच किलोमीटर धरावे. थंडीत आणि महामार्गावर त्याहून कमी.

आता घराचा खर्च पाहू. दिवे, फोन, छतावरचा छोटा पंखा आणि लहान फ्रिज मिळून दिवसाला पाऊण ते एक युनिट. दहा लिटर थंड पाणी उकळावयास साधारण एक युनिट लागते; त्यावरून एका माणसाचा चहा आणि दोन वेळचे साधे जेवण इंडक्शनवर एका युनिटात बसते, असे मानावयास हरकत नाही. एकूण दोन युनिट. म्हणजे उन्हाळ्यात घर चालविण्याचा दिवसाचा खर्च गाडी दहा किलोमीटर चालविण्याइतका! हा आकडा पाहूनच अनेकांचे डोके फिरते आणि ते गाडी घ्यावयास धावतात.

खरा खर्च ऊबेचा आहे. भिंतींना चांगला उष्णतारोधक थर दिला, खिडक्यांना जाड पडदे लावले, तरी इंग्लंडच्या जानेवारीत आत झोपण्यापुरती ऊब ठेवावयास एवढ्या लहान गाडीला सुमारे अर्धा किलोवॉट सतत लागेल, असा आमचा अंदाज आहे. नऊ-दहा तासांच्या रात्रीला चार ते पाच युनिट. दिवसाचा एकूण आकडा दोनवरून सातवर जातो. छतावर २०० वॉटचे सौर पॅनेल बसविले तर जूनमध्ये त्यातून दिवसाला पाऊण युनिटाच्या वर मिळते. डिसेंबरात मात्र एक दशांश युनिटाच्या आसपास. ज्या महिन्यात गरज सर्वांत मोठी, त्याच महिन्यात सूर्य पाठ फिरवितो. सौर पॅनेलवर गाडी चालेल असे कोणी सांगितले तर त्याच्याशी व्यवहार करू नये.

विहीर भरलेली, पोहरा लहान

पायाखाली ४० युनिटांची बॅटरी आहे, मग सात युनिटांची चिंता कशाला, असे वाचक विचारतील. घोळ येथेच आहे. ती बॅटरी चारशे व्होल्टच्या घरातली. तिच्या नारिंगी केबलला हात लावण्याचे काम घरगुती वायरमनचे नाही. ते शिकलेल्या, हत्यारे आणि हातमोजे असलेल्या माणसाचे आहे. जपानमध्ये विकलेल्या याच गाडीला १५०० वॉटपर्यंतचे सॉकेट होते, पण युरोपातल्या गाड्यांत ते नाही. त्यामुळे घरासाठी वीज घ्यावयाची ती बारा व्होल्टच्या वाटेने.

ही वाट अशी. गाडीत मोठ्या बॅटरीखेरीज एक साधी बारा व्होल्टची बॅटरीही असते, डिझेल गाडीत असते तशीच. तिच्यावर कुलुपे, दिवे आणि गाडीचा मेंदू चालतो. गाडी 'रेडी' अवस्थेत असली की मोठी बॅटरी या लहान बॅटरीला भरते. गाडी बंद असताना ही भरती जवळपास थांबते. नवखा माणूस पहिली चूक करतो ती येथे. तो फ्रिज आणि दिवे या लहान बॅटरीलाच जोडतो. दोन रात्रींत ती बसते आणि पायाखाली ३० युनिट शिल्लक असूनही गाडी जागी होत नाही, दारही धड उघडत नाही.

म्हणून घरासाठी तिसरी, वेगळी बॅटरी हवी. सध्या लिथियम आयर्न फॉस्फेटची चालते. बारा व्होल्ट, २०० अँपिअर-तास म्हणजे सुमारे अडीच युनिट. ती भरण्यासाठी मधे बॅटरी-टू-बॅटरी चार्जर बसवितात. तो ३० अँपिअरचा असेल तर अडीच युनिट भरावयास सहा-सात तास लागतात. विहीर भरलेली आहे, पण पोहरा लहान आहे. रोजचे दोन युनिट या पोहऱ्याने कसेबसे निघतात. रात्रीच्या ऊबेचे चार-पाच युनिट निघत नाहीत. शून्य अंशाखाली ही बॅटरी भरू नये हेही ध्यानात असावे, नाहीतर ती कायमची बिघडते. तिला गाडीच्या आत, ऊबेत ठेवावे.

वायरिंगबद्दल दोन शब्द. बारा व्होल्टवर एक हजार वॉट घ्यावयाचे तर नव्वदच्या आसपास अँपिअर वाहतात. घरच्या वायरिंगची सवय असलेला माणूस येथे बारीक केबल टाकतो आणि आग लागते. ३५ स्क्वेअर एमएमची केबल, दाबून बसविलेले थिंबल, आणि बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज. गाडी हादरत असल्याने नट महिन्यातून एकदा तपासावेत.

ऊबेसाठी मग लोक काय करतात? बरेचजण लहानसा डिझेल हीटर आणि त्याची वेगळी टाकी बसवितात. विजेच्या गाडीत डिझेलचा डबा पाहून हसू येते, परंतु फेब्रुवारीच्या रात्री ते हसू राहत नाही. हीटर बसविल्यास धूर बाहेर नेणारी नळी नीट असावी आणि कार्बन मोनॉक्साइडची घंटा असल्याखेरीज एक रात्रही झोपू नये. हा वायू वास देत नाही.

मोठ्या गाड्यांत पोहराही मोठा आहे. फोर्डची ई-ट्रान्झिट २०२२ मध्ये युरोपात आली तेव्हा तिची वापरण्याजोगी बॅटरी ६८ युनिटांची होती आणि मोठ्या बॅटरीतून थेट २.३ किलोवॉटपर्यंत वीज देणारी सॉकेटची सोय तीत मिळते. जुनी घेताना ती विशिष्ट गाडीत बसविलेली आहे का, हे डोळ्यांनी पाहून घ्यावे. इंडक्शन आणि हीटर तिच्यावर सरळ चालतात. उभे राहावयास उंचीही मिळते. ई-एनव्ही २०० च्या मागील भागाची लांबी जेमतेम दोन मीटर चार सेंटिमीटर, उंची कमरेतून वाकावयास लावणारी. सुटीच्या प्रवासाला ती छान. इंग्लंडमधील हिलसाइड लेजर ही कंपनी याच गाडीवर डॅलबरी नावाची कॅम्पर बनवून विकत असे. बारा महिने राहावयाचे तर एकट्या आणि अंगाने लवचीक माणसानेच विचार करावा.

सुतारांसाठी

ई-एनव्ही २०० वर सुमारे ७०० किलो भार चालतो, आणि त्यात फर्निचर, पाणी, सामान, माणूस सर्व आले. बर्चच्या १२ मिलिमीटर प्लायचा आठ बाय चारचा तक्ता २४ किलोंच्या आसपास भरतो. पॉप्लरचा ९ मिलिमीटरचा त्याच्या निम्मा. घरातल्या कपाटासारखे भक्कम काम करण्याची आपल्या सुताराची सवय येथे नुकसान करते. भार वाढला की अंतर कमी होते आणि मर्यादा ओलांडली तर पोलीस आणि विमा कंपनी, दोघेही हिशेब मागतात. बॅटरी फरशीखालीच असल्याने फरशीत एकही भोक पाडू नये. सर्व काही गाडीच्या मूळच्या कड्यांना आणि बाजूच्या खांबांना बांधावे.

दुसरा शत्रू ओल. झोपलेला माणूस रात्रभरात श्वासातून आणि अंगातून पाव ते अर्धा लिटर पाणी हवेत सोडतो. थंड पत्र्यावर ते जमते, थरामागे शिरते आणि दोन हिवाळ्यांत पत्रा गंजतो. छतावरचा पंखा रात्री मंद चालू हवा. खिडकी बंद करून ऊब वाचविणारा माणूस गाडी गमावतो.

पैसा कोठे जातो

आता मुख्य गोष्ट. २०२५ साली ब्रिटनमध्ये ज्याच्या घराला स्वतःचा प्लग होता, त्याला रात्रीच्या खास दराने एक युनिट सात ते नऊ पेन्सला पडत होते. रस्त्यावरच्या जलद चार्जरवर तेच युनिट ७५ पेन्सच्या आसपास. घरच्या विजेवर व्हॅट पाच टक्के, सार्वजनिक चार्जरवर वीस टक्के. शंभर किलोमीटरला वीस युनिट धरा. घरी प्लग असणाऱ्यास दीड-पावणेदोन पौंड. रस्त्यावर भरणाऱ्यास पंधरा पौंड. तेवढेच अंतर शंभराला सात लिटर पिणारी डिझेल व्हॅन दहा पौंडांत जाते. ज्याला घर आहे त्याला वीज स्वस्त आणि ज्याने गाडीलाच घर केले त्याला ती डिझेलहून महाग! हिवाळ्यातले रोजचे सात युनिट जलद चार्जरवर भरले तर गाडी जागची न हलविता महिन्याला दीडशे पौंडांच्या वर जातात.

यातून वाट निघते ती मंद प्लगची. कॅम्पसाइटवर १६ किंवा १० अँपिअरचे निळे सॉकेट असते. रात्र काढण्यास ते उत्तम, मात्र अनेक ठिकाणी त्यावर गाडी भरावयास मनाई असते किंवा वेगळे पैसे घेतात, तेव्हा आधी विचारावे. सर्वांत चांगले म्हणजे कामाच्या ठिकाणचा प्लग. पाळी आठ तासांची असेल तर साध्या दहा अँपिअरच्या सॉकेटवरही पंधरा युनिटांच्या वर भरतात. त्या तरुणाने गाडी शोधण्याआधी गोदामाच्या मालकाकडे जावे आणि प्लग मिळेल का, कोणत्या दराने, हे लेखी घ्यावे, असे आम्ही चाचांना सांगितले. तोंडी "हो" वर चार वर्षांची शिल्लक लावू नये. ई-एनव्ही २०० च्या जलद चार्जिंगचा प्लग चाडेमो पद्धतीचा आहे आणि युरोपात नव्या गाड्या सीसीएस पद्धतीकडे गेल्या आहेत, हीदेखील किंमत ठरविताना धरण्याची बाब आहे.

कागदपत्रांचे थोडक्यात. गाडीच्या पुस्तिकेवर 'मोटर कॅराव्हॅन' अशी नोंद करून घेण्यासाठी तेथील डीव्हीएलए हे खाते बाहेरून गाडी कशी दिसते तेही पाहते : बाजूला दोन खिडक्या, दोन्ही बाजूंना चित्रपट्ट्या, उंच कायम छत, सावलीच्या कापडाचा दांडा इत्यादी. नोंद नाकारली गेली तरी गाडी वापरता येते, पण केलेला प्रत्येक बदल विमा कंपनीस कळविलाच पाहिजे. बारा महिने गाडीत राहतो, हेही लपवू नये. लपविलेला विमा अपघाताच्या दिवशी कागदच ठरतो. टपालासाठी कोणा नातेवाइकाचा पत्ता लागतो. मोठ्या गाडीबद्दल चांगली गोष्ट ही की १० जून २०२५ पासून इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्समध्ये साध्या मोटार परवान्यावर ४.२५ टनांपर्यंतची विजेची व्हॅन चालविता येते.

आपल्याकडचे गॅरेजवाले विचारतील की हे काम येथे का करू नये. येथे मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ आडवे येते. कंपनीने दिलेल्या व नोंदणीत लिहिलेल्या स्वरूपात परस्पर बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसेच बजावले. कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळे मानक आहे आणि त्यानुसार मंजुरी घेऊन काम करणाऱ्यांचीच गाडी आरटीओत टिकते. मालवाहू टेम्पोत पलंग ठोकून देणाऱ्याने गिऱ्हाइकाला हे आधी सांगणे त्याच्या इमानाला धरून होईल.

चाचांना आम्ही हो किंवा नको असे सरळ उत्तर दिले नाही. प्लग लेखी मिळाला तर पुतण्याने जानेवारीत दोन आठवडे अशी व्हॅन भाड्याने घ्यावी, त्याच गोदामाच्या दारात लावावी, तिच्यातच झोपावे, स्वयंपाक तिच्यातच करावा आणि रोजचे युनिट वहीत लिहावे. वही आम्हाला पाठवावी. चाचांनी मान डोलावली आणि विचारले, "आणि प्लग नाही मिळाला तर?" तर ती खोली बरी, आणि पाहावयाचीच असेल तर डिझेलची व्हॅन पाहावी, असे आम्ही म्हणालो.