गावाचा वारा : अंदाज वाचावा कसा?

आपल्या वसतिगृहात शिकून गेलेल्या मुलांची घरे बहुतांशी कपाशी-तुरीच्या वावरांवर जगतात. काहींचे वावर स्वतःचे, पुष्कळांच्या वाट्याला दुसऱ्याच्या वावरातील मजुरी. पाऊस केव्हा येणार हे सारेच विचारतात. वारा कुठून आणि किती येणार, हे क्वचितच कोणी विचारते. पाठीवर पंप घेऊन फवारणी करणाऱ्याला मात्र तो प्रश्न जिवाचा आहे. २०१७ च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर दगावले. विषारी औषधांची मिश्रणे, संरक्षक साधनांचा अभाव, डोक्याएवढी वाढलेली कपाशी अशी अनेक कारणे तेव्हा पुढे आली. अशा कपाशीत वाऱ्याकडे तोंड करून चालणे म्हणजे आपलाच फवारा आपण श्वासात घेणे होय.

भारतीय हवामान विभागाची स्थापना १८७५ ची. दीर्घकाळ आपल्या वाट्याला ‘विदर्भात’ एवढाच मोघम अंदाज येई. (भेंडवळच्या घटमांडणीतून अक्षय्य तृतीयेला निघणारी वर्षभराची भाकिते त्याहून मोघम, तरी त्यांची चर्चा अधिक, याचे आम्हांस नवल वाटते.) पुढे जिल्ह्याचा अंदाज आला. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडून कृषी हवामान सल्ला मिळू लागला. २४ ऑक्टोबर २०२४ पासून ग्रामपंचायतनिहाय पाच दिवसांचा अंदाज ‘मेरी पंचायत’ ॲपवर दिसतो.

परंतु गावाच्या नावापुढे आकडा आला म्हणून गावात वारा मोजला गेला, असे नव्हे. संगणक भूभागाचे चौकोन पाडून गणित करतो. हवामान विभागाने मे २०२५ मध्ये सुरू केलेल्या नव्या प्रणालीत असा चौकोन सुमारे सहा किलोमीटरचा आहे. पूर्वी तो बाराचा होता. सहा किलोमीटरांत आपल्याकडे दोन-तीन गावे, एखादा नाला आणि एखादी टेकडीही सहज मावते.

आता दिशा. ‘पश्चिमेचा वारा’ म्हणजे पश्चिमेकडून येणारा. पश्चिमेकडे जाणारा नव्हे. तक्त्यात दिशा अंशांत असते : ९० म्हणजे पूर्व, १८० दक्षिण, २७० पश्चिम, ३६० उत्तर. पावसाळ्यात आपल्याकडे २७० च्या आसपासचे आकडे वारंवार दिसतील. घोटाळा होतो तो मोबाईलवरील बाणाने. पुष्कळ ॲपमध्ये बाणाचे टोक वारा जिकडे चालला तिकडे असते. म्हणून बाणापेक्षा अक्षर किंवा अंश वाचावा.

वेग ताशी किलोमीटरमध्ये देतात आणि तो जमिनीपासून दहा मीटर उंचीवरचा धरलेला असतो. कपाशीच्या शेंड्याशी वारा त्याहून मंद, संत्र्याच्या बागेत आणखी मंद. शिवाय तो सरासरी वेग असतो. मधूनच उठणारा झोत त्याच्या दीडपटही असू शकतो. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा दाब चौपट होतो. केळीची झाडे सोसाट्याच्या वाऱ्यात का मोडतात, ते यावरून कळावे.

यंत्र नसले तरी अदमास घेता येतो. आपल्या गच्चीवरील पंचशील ध्वज पूर्ण उलगडून फडकला आणि झाडांची पाने सतत हलू लागली, तर वारा ताशी १२ ते १९ किलोमीटर समजावा. धूळ आणि कागद उडू लागले की २० च्या पुढे. ध्वज नुसता सळसळत असताना, वारा पाठीशी किंवा बाजूला ठेवून फवारावे. पंधराच्या वर गेल्यास पंप खाली ठेवावा. पहाटेची अगदी निश्चल हवाही फसवी असते. बारीक तुषार तेव्हा उडून जात नाहीत, माणसाभोवतीच तरंगत राहतात.

हे सारे आम्ही आठवीच्या वर्गात करून पाहिले. मुलांनी पंधरा दिवस सकाळी अंदाज फळ्यावर लिहिला आणि दुपारी ध्वज पाहून शेजारी नोंद केली. दिशा बहुतेक वेळा जुळली, वेग पुष्कळदा चुकला. अकोटकडील सातपुड्याच्या पायथ्याच्या गावची एक मुलगी म्हणाली, “सर, मोबाईल काहीही सांगो, आमच्याकडे रात्री वारा डोंगरावरूनच उतरते.” तिचे बरोबर होते. रात्री डोंगरउतार लवकर निवतो, थंड झालेली जड हवा खाली सरकते, आणि सहा किलोमीटरच्या चौकोनात ती हमखास सापडतेच असे नाही. तिच्या वडिलांनी पहाटेची फवारणी कोणत्या धुऱ्यावरून सुरू करावी, हे तिने वहीत नकाशा काढून आम्हांला दाखवले.