चाकांमागची विद्या : लोटसची चमत्कारिक पेटी

टाटांनी मार्च २०१७ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात मांडलेल्या रेसमो या हलक्या स्पोर्ट्स मोटारीविषयी, तिच्या १.२ लिटरच्या टर्बो एंजिनाविषयी आणि क्लचच्या पेडलावाचून चालणाऱ्या तिच्या सहा गियरांविषयी या आठवड्यात लिहिण्याचे मी कबूल केले होते. परंतु मध्यंतरी पेडण्याहून एका मोटरसायकल पायलटाचे पत्र आले आणि त्यांची पृच्छा इतकी मार्मिक आहे की रेसमो तूर्त तहकूब करणे भाग आहे. पेडण्याचा बाजार ते मोपाचा विमानतळ अशी दिवसभर भाडी करणारे हे गृहस्थ विचारतात की, मोटरसायकलीचे गियर एकामागून एक असेच का पडतात, चौथ्यातून थेट दुसऱ्यात का उतरता येत नाही; आणि हीच रचना मोटारीला कोणी कधी लावून पाहिली नाही काय?

लावून पाहिली आहे, आणि तीही थोर माणसांनी.

मोटरसायकलीच्या पेटीत दातेरी चाकांच्या सर्व जोड्या सदैव परस्परांत गुंतलेल्याच असतात. प्रत्येक जोडीतील एक चाक शाफ्टावर मोकळे फिरते, आणि ज्याला कंगोरेदार तुकड्याने जखडावे तो गियर ‘पडला’ असे आपण म्हणतो. हे तुकडे सरकवण्याचा अंमल खाचा कोरलेल्या एका लहानशा नळकांड्याकडे असतो. पायाच्या एका दाबासरशी ते एकच घर फिरते, म्हणून मधला गियर चुकवता येत नाही. मोटारीत मात्र आपण दांडा आडवा नेऊन एक फाटा सोडतो आणि हवा तो दुसरा धरतो. डिचोलीकडे चाकांची गती आपोआप जुळवणारे सिंक्रोमेश नसलेले जुने ट्रक ज्यांनी हाकले, सारमानसच्या धक्क्यावर ज्यांनी खनिज उतरवले, त्यांना फिरते कंगोरे जुळवण्यासाठी डबल क्लचची साधना करावी लागे, ती त्या दातेरी चाकांच्या वजनामुळे. मोटरसायकलीची चाके इतकी हलकी की त्यांची गती क्षणार्धात जुळते आणि पायाला त्याची वार्ताही लागत नाही.

हा हलकेपणा लोटस मोटारी काढणाऱ्या कॉलिन चॅपमन या इंग्रज अभियंत्याच्या मनात भरला, यात नवल नाही. मोटारीतील प्रत्येक अनावश्यक शेर वजन हा त्याला अपराध वाटे. १९५६ च्या ऑक्टोबरात लंडनला अर्ल्स कोर्टच्या प्रदर्शनात त्याने लोटस बारा ही शर्यतीची गाडी मांडली. तिची पाच गियरांची पेटी एंजिनापाशी नसून मागे, डिफरन्शियलला जोडून होती; तिचा आराखडा रिचर्ड अँसडेल आणि हॅरी मंडी यांचा. चाके इतकी अरुंद ठेवली होती की पाचही जोड्या विलक्षण अल्प जागेत मावल्या, आणि सरकता तुकडा ओळीने एकेका चाकाला जखडत जाई, अगदी आमच्या पायलटाच्या वाहनासारखा. कामगारांनी तिचे नाव क्वीअरबॉक्स, म्हणजे चमत्कारिक पेटी, असे ठेवले.

आराखडा कागदावर सुंदर होता. परंतु रस्त्याची साक्ष कागदाहून निराळी पडली. हाताने दांडा ओढला म्हणजे तुकडा नेमक्या घरात थांबेलच याची हमी नसे, चालकास एक गियर हवा असता दुसराच पदरी येई, आणि तेलाचा पुरवठाही पुरेना. अशा वेळी चाचणी घेणाऱ्या चालकाची विद्या वेगात नसते. कोणत्या क्षणी, कोणत्या भारावर, कोणता आवाज आला हे आठवून मागे सांगण्यात असते. ग्रॅहम हिल यास ती अवगत होती, कारण पुढे दोनदा जगज्जेता ठरलेला हा मनुष्य त्या काळी लोटसच्या कारखान्यात गियरबॉक्सच दुरुस्त करीत असे. स्वतः जोडलेली पेटी स्वतः हाकून पाहण्याचा योग किती चालकांच्या वाट्यास येतो?

१९५७ साली पेटीचा बंदोबस्त करण्यासाठी कीथ डकवर्थ हा विशीतला तरुण नेमला गेला, आणि माझ्या मते या हकिगतीचा खरा नायक तोच. एका ओढीत एकच घर सरकवणारी योजना मोटरसायकलींत १९२० च्या दशकाच्या अखेरीस वेलोसेटने आणली होती. तसाच अटकाव डकवर्थने या पेटीत बसवला आणि गियर चुकणे आवरले. तरीही एवढ्या अरुंद चाकांची पेटी मुळातून सुधारावी, वरवरच्या फेरफाराने भागणार नाही, या मतावर तो अढळ राहिला. चॅपमनशी त्याचे जमले नाही. १९५८ मध्ये माइक कॉस्टिनच्या भागीदारीत त्याने कॉसवर्थ ही कंपनी काढली. त्याच वर्षी मोनाकोत लोटसने आपल्या पहिल्या ग्रां प्रीमध्ये दोन ‘बारा’ उतरवल्या. क्लिफ ॲलिसन सहावा आला, हिलला मध्येच थांबावे लागले. डकवर्थच्या हट्टाचा न्याय मला १९६७ च्या जूनमध्ये, झांडव्होर्टच्या शर्यतीत झालेला दिसतो, कारण तेथे त्याच्या नव्या डीएफव्ही एंजिनाने पदार्पणातच विजय मिळवला, आणि ते एंजिन बसवले होते चॅपमनच्याच लोटसमध्ये.

आता पायलटांच्या पत्रातील दुसरी, व्यवहाराची तक्रार : सिग्नलपाशी थांबल्यावर न्यूट्रल सापडत नाही. त्याचे कारण असे की न्यूट्रलचे घर पहिल्या व दुसऱ्या गियरच्या मध्ये अर्ध्या टप्प्यावर असते, आणि गाडी उभी राहिली, क्लच पुरता सुटत नसला, म्हणजे कंगोरे भाराखाली एकमेकांस घट्ट धरून बसतात. गाडी अजून सरपटत असतानाच दुसऱ्यातून पाय हलकेच दाबावा. तेवढ्याने जमत नसेल तर क्लचची तार तपासून घ्यावी. रेसमो पुढच्या आठवड्यात.